दहा बोटांचे मिस्त्री

आमचे मिस्त्री कामाला आले की पहिल्यांदा प्लग उपसत. मिक्सर असो, कूलर असो की टाकीवर पाणी चढवणारी मोटर असो, प्लग उपसायचा आणि घरमालकाच्या मुठीत द्यायचा. "धरा जी. हा तुमच्या हातात हाय तवर माहा हात मशीनीत हाय." घरात धरायला कोणी मोठं माणूस नसलं तर ते जिन्यावर बसून राहत, पण प्लग ओट्यावर ठेवून त्यांनी काम केल्याचं अख्ख्या अमरावतीत कोणी पाहिलेलं नाही. काम संपलं की हात फडक्याला पुसून बोटं मोजत. सुरुवात डाव्या करंगळीपासून, शेवट उजव्या करंगळीवर. "आठ, नऊ, दहा. हायेत. लावा प्लग."

लोक हसायचे. मीही हसायचो, आणि लोकांपेक्षा जरा मोठ्यानंच. एकदा विचारलं, "मिस्त्री, रोज मोजता, एखादं वाढलं का कधी?" ते म्हणाले, "माह्या बापाले आठ होते, सर. बाळापूरकडे गावात आमची पिठाची चक्की होती. दोन पट्ट्यानं नेले. मी लहान होतो तवा वाटे, बाप लोकाईले आठच रायतात." मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "मले दहा घेऊन जाचं हाय. इतलीच इच्छा हाय, बाकी काई नाही."

आता सांगणारा माणूस कसा आहे तेही सांगून टाकतो. मी इतिहासाचा मास्तर. पुस्तकात दोन हजारांचं सैन्य असलं तर माझ्या वर्गात ते वीस हजारांच्या खाली कधी आलं नाही, आणि हत्ती नसलेली लढाई मी शिकवलीच नाही. निवृत्त झालो, वर्ग गेला, सैन्य उरलं. ते मी घराजवळच्या चहाच्या टपरीवर नेऊन बसवलं. तिथे निवृत्त वकीलसाहेब माझे पट्टीचे श्रोते. मी एक हत्ती सांगितला की ते दुपारपर्यंत चार करून गावभर पोचवत. तेव्हा या लिखाणात कुठे म्हैस उडाली तर ती माझी समजा. बोटं मात्र मी या खेपेला मोजून लिहिली आहेत.

तर ते यंत्र. आमची मुलगी बेंगळुरूला असते. तिच्या आईचं आणि कचरा न्यायला येणाऱ्या घंटागाडीचं कधी जमलं नाही. गाडी आली की सुमन अंघोळीला, आणि सुमन बादली घेऊन फाटकात उभी राहिली की गाडी दुसऱ्या गल्लीत. ओला कचरा ओट्याखाली दोन दोन दिवस बसून राही. फोनवर हे ऐकून ऐकून मुलीनं एक खोकं पाठवलं. सिंकच्या तळाला बसवायचं आणि खरकटं, सालपटं तिथल्या तिथे दळून पाण्याबरोबर नाल्यात सोडायचं, असं ते यंत्र. मी टपरीवर जाहीर केलं की आमच्याकडे असं मशीन आलंय की वरून अख्खा रेडा, आमच्या भाषेत हल्या, टाकला तर खालून नुसती डकार येते.

बसवायला मिस्त्री आले. त्यांनीही तसलं मशीन पहिल्यांदाच पाहिलेलं. पण ते कोणत्याही यंत्राकडे नव्या सुनेकडे पाहावं तसं पाहत. घाई नाही, आधी स्वभाव समजून घ्यायचा. अर्धा तास त्याला नुसतं उलटंपालटं केलं, आत बॅटरी मारली, मग मला खाली बसवून दाखवलं.

"यात पातं नाही, सर. लोकाईले वाटन मिक्सर हाय. हे जातं हाय, लोखंडाचं. हे पहा, तळाले फिरती थाळी. थाळीवर ह्या दोन हातोड्या, ढिल्याच हायेत, हालतात. थाळी गरगर फिरली की माल कडेले फेकल्या जाते, हातोड्या त्याले रेटतात, आन् कडेचं हे दातवालं कडं त्याले किसते. बारीक झालं की पाण्यासंग खालच्या भोकातून भाईर."

"म्हणजे हात गेला तर कापणार नाही?"

"कापनार नाही," मिस्त्री म्हणाले. "मोडन."

विजेचा बोर्ड त्यांनी सिंकखालच्या ओलीत न लावता ओट्याच्या वर, भिंतीवर लावला. सिंकच्या तोंडावरच्या रबरी झाकणावर बोट ठेवून सुमनला म्हणाले, "वहिनी, याच्या खाली आपला हात नाही. कधीच नाही. चमचा पडला, वाटी पडली, सोनं पडलं, आंधी बटन बंद, मंग प्लग भाईर, मंग चिमटा. हात नाही." आणि स्वतःच्या पिशवीतला एक लांब चिमटा सिंकशेजारच्या खिळ्याला टांगून गेले. तो चिमटा आजही तिथेच आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र माझ्यामुळे आला. नळाला पाणी एक दिवसाआड, टाकीवर माझा पहारा. मशीन चालवताना गार पाणी सोडायचं, आधी सोडायचं, चालू असताना सोडायचं आणि बंद केल्यावरही थोडा वेळ सोडायचं, असं मिस्त्रींनी बजावलेलं. मी म्हटलं, दळायला पाणी कशाला? जात्यात कोणी पाणी ओततं का? चार दिवस कोरडंच दळलं. पाचव्या दिवशी सिंकनं जे खाल्लेलं होतं ते सगळं परत केलं.

मिस्त्रींनी खालचा पाइप खोलला. आतून लगद्याचा एक लांबलचक सोटा निघाला. तो वीतभर होता. टपरीवर मी त्याला अजगर केला. "जात्याचं पीठ सुपात पडते, सर," ते म्हणाले. "याचं पीठ पाइपात पडते. त्याले वाहून कोन नेईन, तुमी?" मग पाण्याची तोड त्यांनीच काढली. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी सुमननं एका बादलीत साठवायचं आणि दळताना मगानं ओतायचं. "पन गरम नाही हो वहिनी. गरम पान्यानं तूप इतळते, पुढं जाऊन पाइपात बसते. आन् मंग मी येतो." तेलतुपाचं त्यात काहीच टाकायचं नाही, ते कागदानं पुसून कचऱ्यात. उरलेला भात ओंजळभर एकदम नाही. आत जाऊन फुगतो. हे सगळं ते सुमनला सांगत. मला सांगण्यात अर्थ नाही हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं.

हिवाळ्यात तुरीच्या शेंगा आल्या. मीठ घालून उकडलेल्या शेंगा समोर असल्या की वऱ्हाडी माणसाला पोटाचा तळ राहत नाही. वकीलसाहेबांसकट पाच जण घरी बोलावले. दाणे पोटात गेले आणि पुढ्यात टरफलांचा सातपुडा उभा राहिला. तेवढ्यात वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, तुमचं ते हल्या खाणारं मशीन दाखवा ना." झालं. सुमन नको नको म्हणत असताना मी टोपलीभर टरफलं आत लोटली. मशीन दोनदा गुरगुरलं, एकदा उचकी दिल्यासारखं केलं आणि गप्प झालं.

मिस्त्री आले. प्लग माझ्या हातात दिला. सिंकखाली पाठीवर निजून त्यांनी मशीनच्या तळाच्या भोकात वाकडी चावी घातली, आडवीउभी फिरवून थाळी मोकळी केली आणि वरून चिमट्यानं दोऱ्यांचे गुंते काढत राहिले. तुरीची टरफलं, कांद्याची साल, मक्याचे केस, शेवग्याची शेंग, दोरे असलेलं असं काहीही त्या हातोड्यांना गुंडाळून बसतं. पाऊण तासानं ते उठले. "सर, हे मशीन हाय. बैल नाही." एवढं बोलून सगळी टरफलं पोत्यात भरली आणि जाताना कोपऱ्यावरच्या गोठ्यातल्या म्हशीला घालून गेले. म्हशीला पाच मिनिटं लागली. तिला प्लग नव्हता.

मशीनला वास यायला लागला तेव्हाही मी अत्तर ओतायच्या बेतात होतो. मिस्त्रींनी बर्फाचे चार खडे आणि वरूडच्या संत्र्याच्या दोन फोडींची साल बारीक तोडून टाकायला सांगितली, वरून गार पाणी. बर्फानं आतली घाण खरवडून निघाली आणि स्वयंपाकघराला बागेचा वास आला. मी विचारलं, "दोनच का? पाच-दहा संत्र्यांची टाकतो." ते म्हणाले, "सर, तुमाले एक सांगू? तुमाले कोनतीच गोठ जेवढी हाय तेवढी जमत नाही."

हे त्यांनी हसत म्हटलं होतं. मी आजवर हजार माणसांकडून शिव्या खाल्ल्या, एकही लक्षात नाही. हे वाक्य लक्षात आहे.

आता त्या दिवसाचं सांगतो. यात एकही हत्ती नाही.

सकाळची वेळ. सुमन चिंच लावून पायातली जोडवी घासत होती. एक हातून निसटलं आणि रबरी झाकणातून आत गेलं. तिला ते कळलं नाही. तिनं सालं टाकली, पाणी सोडलं, बटन दाबलं. खडखडाट झाला, मशीन नुसतं घुमत राहिलं आणि आपोआप बंद पडलं. फार अडकलं की तसं होतं. मग तळाचं लाल बटन दाबल्याशिवाय ते उठत नाही. जोडवं एकच उरलंय हे सुमनच्या लक्षात आलं तशी ती रडवेली झाली. ती तिच्या आईनं दिलेली होती. मी मिस्त्रींना फोन केला. भिंतीवरचं बटन मात्र चालूच राहिलं.

ते आले. प्लग उपसला, माझ्या हातात दिला. "धरा जी." सुमन दाराशी घंटागाडीच्या माणसाशी बोलत होती, म्हणजे स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. त्यांनी चावीनं थाळी मोकळी केली. तळाचं लाल बटन ते एरवी शेवटी दाबत. त्या दिवशी खाली निजलेलेच होते म्हणून तेव्हाच दाबून घेतलं. मग उठून चिमट्यानं जोडवं धरायला लागले. चांदी गुळगुळीत, चिमट्यातून सटकायची. तीनदा सटकली.

मी प्लग धरून कंटाळलो होतो. कंटाळलो की मी बोलतो. मी त्यांना वरूडकडच्या माझ्या काकांची गोष्ट सांगायला लागलो. काकांची संत्र्याची बाग, विहिरीवर मोटर. लाइन आली की अशी येई की एकदा काकांनी प्लग खुपसला आणि पाण्याच्या धारेवर बांधावरची म्हैस चढली ती थेट मोर्शीला उतरली. मिस्त्री ही गोष्ट आधी ऐकून होते, तरी गालात हसत होते. त्यांनी चिमटा ओट्यावर ठेवला. म्हणाले, "बस झालं आता, बोटानंच काढतो," आणि उजवा हात आत घातला. माझ्या मुठीत प्लग होता म्हणून घातला.

आणि माझी गोष्ट तेव्हा नेमकी काकांच्या प्लगापाशी आलेली. मी वर्गात तलवार म्हणून पट्टी उगारणारा माणूस. मी म्हटलं, "काकांनी काय केलं, असा धरला आणि असा खुपसला."

आणि खुपसला.

लगेच उपसला. मध्ये किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी हात वर काढला, उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून भलतीकडे वळलेली होती. दुसऱ्या हातात ते बोट धरून ते जमिनीवर बसले.

मशीनच्या आवाजानं सुमन धावत आली. "काय झालं?"

इथे मी काय म्हणालो ते लिहायला मला तीन वर्षं लागली. मी म्हणालो, "मिस्त्रींनी चालू मशीनमध्ये हात घातला."

मिस्त्रींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. प्लग अजून माझ्या हातात होता. मग त्यांनी सुमनकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो वहिनी. गलती झाली."

रिक्षानं दवाखान्यात नेलं. हाड दोन ठिकाणी मोडलेलं. पट्टी, फोटो, पुन्हा पट्टी. सगळं मी केलं, बिलाला त्यांना हात लावू दिला नाही, डबा घेऊन गेलो, फळं नेली. माणूस खोटं बोलल्यावर फार चांगला वागतो. बोट राहिलं, पण वाकडं राहिलं. मुठीत आलेली वस्तू बाकीची चार बोटं धरत आणि तर्जनी वेगळी, दारातून आत डोकावल्यासारखी.

एवढ्यावर थांबलो असतो तर ते एक खोटं झालं असतं, घरातलं. पण दुसऱ्या दिवशी टपरीवर वकीलसाहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे काय झालं म्हणतात?" चार माणसं माझ्याकडे तोंड करून बसलेली, हातात चहा. आणि खरं सांगतो, मनातल्या भीतीवर मला दुसरं औषध ठाऊक नव्हतं. मी गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशी बोटाचं टोक गेलं. आठवड्यात बोटं दोन झाली. वकीलसाहेबांनी ती कोर्टाच्या आवारात नेऊन तीन केली. राजापेठेत मशीननं मिस्त्रींना कोपरापर्यंत ओढलं, आणि बडनेऱ्याला पोचेस्तोवर बहुतेक त्यांचा दहावाही उरकला असावा. प्रत्येक गोष्टीत एक वाक्य तेवढं कायम: चालू मशीनमध्ये हात घातला. ते माझं होतं, वकीलसाहेबांचं नव्हतं.

त्याचा अर्थ मला चार महिन्यांनी कळला. शेजारच्यांची मोटर जळली. मी म्हटलं, "आमच्या मिस्त्रींना बोलवा." शेजारी म्हणाले, "ते? तुम्हीच तर सांगता, चालू मशीनमध्ये हात घालतात. नको बुवा. आमच्याच घरात काही झालं तर निस्तरायचं कोणी?" जो माणूस पंचवीस वर्षं लोकांच्या हातात प्लग देऊन त्यांना शिकवत आला, त्याच्या नावावर अमरावतीत मी हे लिहून ठेवलं होतं. आणि तेव्हाही शेजाऱ्यांना मी काही बोललो नाही. "बघा बुवा तुमचं," एवढंच म्हणून घरात आलो.

मिस्त्री दिसेनासे झाले. मी चौकशी केली नाही. चौकशी केली असती तर उत्तर मिळालं असतं.

गेल्या दिवाळीच्या आधी मशीन पुन्हा अडलं. सुमननं त्यांना फोन लावला. मी पेपर वाचत होतो, म्हणजे तोंडापुढे धरून होतो. "वहिनी, मी आता अकोल्याले असतो. भाच्याच्या दुकानात. अमरावतीत काम नोयतं राह्यलं. सरांची तब्येत कशी हाय?" सुमननं फोन ठेवला. मग म्हणाली, "माझ्या जोडव्यापायी एका माणसाचा धंदा गेला."

तेव्हा मी तिच्या पायांकडे पाहिलं. आईची ती जोडवी त्या दिवसापासून तिच्या पायात नव्हती. साधी, बाजारची होती. तीन वर्षं. आणि मी, जो म्हशीच्या शेपटीचे केस मोजून सांगतो, त्यानं ते पाहिलंही नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. काका, म्हैस, मोर्शी, प्लग.  शेवटी म्हणाली, "आता हे टपरीवर सांगून या."

गेलो. बाकावर बसून सांगितलं, जेवढं होतं तेवढंच. प्लग मी लावला. मिस्त्रींची काही चूक नव्हती. एकच बोट मोडलं. सांगून झाल्यावर वकीलसाहेबांनी चहाचा घोट घेतला. "मास्तर, ही काही जमली नाही," ते म्हणाले. "तीन बोटंवालीच बरी होती. आणि स्वतःला कशाला घालता मध्ये? उगीच मोठेपणा." मी शपथ घेतली. ते म्हणाले, "त्या म्हशीच्या वेळीही घेतली होती." सगळे हसले. मी घरी येऊन सुमनला सांगितलं. ती हसली नाही. "अकोल्याची गाडी सकाळी असते," म्हणाली.

अकोल्याला भाच्याचं दुकान जळक्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं भरून देण्याचं. दारात मोटरींची रास, आत वार्निशचा वास. मिस्त्री स्टुलावर बसलेले, पुढ्यात कोणाची तरी पाण्याची मोटर उघडी. केस पांढरे झालेत. मला पाहून उठले. "या सर. वहिनी कशा हायेत?" भाच्याला चहा सांगायला पाठवलं.

मी रेल्वेत चांगलं भाषण जुळवलं होतं. दोन वाक्यांत संपलं. मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही सुमनला हो का म्हणालात? मी खोटं बोललो होतो."

ते मोटरीकडेच पाहत होते. "तुमचं तोंड पाह्यलं न जी. पांढरं फटक पडलं होतं. म्हटलं, याईले आता काही इचारलं तं इथंच जातीन. एक बोट गेलं तं गेलं, मास्तर राहू द्या." मग म्हणाले, "बटन मी आंधी दाबलं. चिमटाबी सोडला. ते माहं होतं."

"प्लग माझ्या हातात होता."

"हो," ते म्हणाले. "ते तुमचं होतं."

मी टपरीवरचं सांगितलं, की खरं सांगून आलो पण कोणी मानत नाही. तेव्हा मात्र ते हसले, पूर्वीसारखे, गालात. "तुमचं खरं कोन मानन, सर?" मी म्हटलं, "चला परत. मी घरोघर तुमच्याबरोबर येतो, लोकांना सांगतो." त्यांनी मान हलवली. "लोकाईले एक डाव भेव लागलं का ते निंघत नाही. आता इकडंच. भाचा चांगला हाय." आणि अगदी हळू म्हणाले, "तीन बोटं कावून सांगत होते, सर? एकाचं मले काही नोयतं वाटलं. मी बाजारात गेलो का लोकं माहा हात पाहात. तीन दिसले नाही तं त्याईले खराब वाटे."

 

चहा आला. पिऊन झाला. गिऱ्हाईक मोटर न्यायला येणार होतं म्हणून मिस्त्री पुन्हा स्टुलावर बसले. मी निघायला उठलो. त्यांनी भिंतीवरच्या बोर्डातून मोटरीचा प्लग उपसला, भाच्याकडे पाहिलं. भाचा तिथेच, दोन हात मोकळे घेऊन उभा. मिस्त्रींनी तो प्लग माझ्यापुढे धरला.

"धरा जी."

मी दोन्ही हातांनी धरला, छातीशी. भाचा म्हणाला, "मामा म्हणतात तुमी गोठी लय भारी सांगता, सर. एखादी सांगा न." मी नाही म्हणून मान हलवली. मिस्त्रींनी हात मोटरीत घातला. वाकडं बोट आत जायला अडत होतं, ते त्यांनी दुसऱ्या हातानं वळवून आत घातलं. दहा मिनिटं लागली असतील. रस्त्यावरून ट्रक जात होते, कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. मी प्लगच्या त्या तीन पितळी पायांवरून नजर काढली नाही.

मग त्यांनी हात बाहेर काढले, फडक्याला पुसले आणि डाव्या करंगळीपासून मोजायला सुरुवात केली. सातवं ते बोट. तिथे ते थांबले नाहीत.

"आठ, नऊ, दहा. हायेत," मिस्त्री म्हणाले. "लावा प्लग, सर."

तो मला तिसऱ्या खेपेला लावता आला.